परीक्षकाचा कागद

धर्मगुरूने चित्रपटांच्या पारितोषिकांच्या बातम्या आवडीने वाचाव्यात, ही गोष्ट आमच्या काही वाचकांस रुचेल असे नाही. परंतु जेथे कबुलीच द्यावयाची आहे, तेथे आरंभीच आडपडदा ठेवून काय साधणार? आम्हांस हा नाद लहानपणापासून आहे. १ ऑगस्ट २०२५ रोजी सायंकाळी दिल्लीत राष्ट्रीय चित्रपट पारितोषिके जाहीर झाली, तेव्हा आम्ही मोबाइल हाती धरून चर्चच्या पडवीत उभे होतो, आणि स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या मावशी दोनदा जेवावयास बोलावून गेल्या तरी आमचा पाय तेथून निघत नव्हता.

यादी वाचता वाचता एका नावापाशी आम्ही थबकलो. २०२३ सालचा उत्कृष्ट मराठी चित्रपट म्हणून ‘श्यामची आई’ची निवड झाली होती. सुजय डहाके यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट. याच नावाचा, साने गुरुजींच्या याच पुस्तकावरून आचार्य अत्रे यांनी काढलेला चित्रपट १९५३ सालचा. सरकारने चित्रपटांस पारितोषिके देण्याची प्रथा सुरू केली आणि १९५४ मध्ये पहिला समारंभ झाला, त्या पहिल्याच समारंभात राष्ट्रपतींचे सुवर्णपदक अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ने पटकावले होते. सत्तर वर्षांच्या अंतराने एकाच पुस्तकातील एकाच आईने दोनदा दिल्ली जिंकावी, ही काही लहान गोष्ट नव्हे. आमच्या मनात मात्र त्या आनंदाबरोबरच एक जुनी बोच जागी झाली. ती का, ते सांगण्यासाठीच हा लेख.

अत्र्यांच्या चित्रपटात आईची भूमिका वनमालाबाईंनी केली होती. त्या ग्वाल्हेरच्या पवार घराण्यातल्या. तिकडच्या मराठी कुटुंबांना त्यांचा अभिमान वाटावा हे साहजिकच आहे. चित्रपटास सुवर्णपदक मिळाले, पण वनमालाबाईंना त्या समारंभात अभिनयाचे पारितोषिक मिळाले नाही. यात कोणाचा पक्षपात नव्हता. अभिनयासाठी पारितोषिकच त्या काळी अस्तित्वात नव्हते. ते सुरू झाले १९६७ सालच्या चित्रपटांपासून. बंगालचे उत्तमकुमार आणि नर्गिसबाई हे त्याचे पहिले मानकरी. आणि जी माणसे कथेच्या मध्यभागी नसतात, कडेला उभी राहून कथेला खांदा देतात, त्यांच्यासाठी म्हणजे सहायक भूमिकांसाठी राष्ट्रीय पारितोषिक सुरू व्हावयास १९८४ साल उजाडावे लागले. सहायक अभिनेत्रीचे ते पहिले पारितोषिक आपल्या रोहिणी हट्टंगडी यांना ‘पार्टी’ या हिंदी चित्रपटासाठी मिळाले. त्याआधीच, १९८३ मध्ये, ‘गांधी’ चित्रपटातील कस्तुरबांच्या भूमिकेसाठी इंग्लंडच्या चित्रपट अकादमीने त्यांना सहायक अभिनेत्री म्हणून गौरविले होते.

तीस वर्षे लागली! कडेच्या माणसाकडे पाहण्यासाठी एका देशाला तीस वर्षे लागली. हा हिशेब आम्ही पूर्वी मोठ्या तोऱ्यात मांडीत असू. आता मांडताना आवाज आपोआप खाली येतो.

आमचे बालपण खानापूर तालुक्यातील एका खेड्यात गेले. गावात दूरचित्रवाणीचा संच एकच, तोही चर्चच्या शाळेच्या खोलीत, लाकडी कपाटात कुलूपबंद. रविवारी दुपारी दिल्ली दूरदर्शनवर निरनिराळ्या प्रांतांचे चित्रपट दाखवीत. आधी मूकबधिरांसाठी हातवाऱ्यांच्या बातम्या, आणि मागून मल्याळी, बंगाली, आसामी, कधी नशिबाने मराठी असा एखादा चित्रपट. बहुतेक पारितोषिक मिळवलेले असत. खाली इंग्रजी अक्षरे धावत, ती वाचता येणारे गावात दोघेच, एक मास्तर आणि दुसरे फादर. मोठी माणसे अर्ध्या तासात कंटाळून उठत. “बक्षिसाचा पिक्चर म्हणजे नुसता पाऊस आणि रडारड,” असा गावाचा ठाम अभिप्राय होता. आम्ही पोरे मात्र बसून राहत असू. भाषा कळत नसे, त्यामुळे पाहण्यावाचून गत्यंतर नसे. बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याचा चेहरा पाहावयाचा, हात काय करतात ते पाहावयाचे, दार कसे लोटले त्यावरून राग ओळखावयाचा. आज वाटते, चित्रपट पाहण्याचे खरे शिक्षण आम्हांस त्या कुलपाच्या खोलीत मिळाले, आणि पुढे शिकलो-सवरलो तसतसे ते हातचे गेले.

सेमिनरीत गेल्यावर आम्हांस पुस्तके मिळाली, वृत्तपत्रे मिळाली. एका प्राध्यापकांनी आम्हांस सांगितले की, चित्रपटकलेला शंभर वर्षे झाली तेव्हा, १९९५ मध्ये, व्हॅटिकनने पंचेचाळीस चांगल्या चित्रपटांची यादी काढली, धर्म, जीवनमूल्ये आणि कला अशा तीन भागांत. तीत इटलीचा ‘बायसिकल थीव्हज’ आहे आणि ‘गांधी’ही आहे. मग काय, आमच्या नादाला जणू आशीर्वादच मिळाला! आम्ही वही घातली. कोणत्या वर्षी सुवर्णकमळ कोणास, अभिनयाचे कोणास, कॅन येथे काय, व्हेनिसला काय, सारे तारीखवार. ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय भानू अथैया या आमच्या शेजारच्या कोल्हापूरच्या, हे आम्ही वर्गात अशा थाटात सांगत असू की, जणू ती बाहुली आमच्याच ट्रंकेत होती. (बाईंनी ती बाहुली २०१२ मध्ये नीट जपली जावी म्हणून अकादमीकडेच परत पाठवली, आणि २०२० मध्ये त्या निवर्तल्या. एवढा मोठा मान, पण तो घरात ठेवण्याचा मोह त्यांनी धरला नाही.)

२००४ मध्ये संदीप सावंत यांच्या ‘श्वास’ला सुवर्णकमळ मिळाले. ‘श्यामची आई’नंतर तो मान मराठीकडे यावयास पन्नास वर्षे जावी लागली होती. त्या वर्षी ऑस्करसाठी भारताने ‘श्वास’च पाठवला आणि अमेरिकेतील खर्चासाठी सामान्य माणसांनी, शाळकरी मुलांनी वर्गणी गोळा केली. आम्ही सेमिनरीचे विद्यार्थी मिळून तो पाहावयास गेलो. कोकणातला एक आजोबा आपल्या नातवाला शहरात आणतो. मुलाच्या डोळ्यांत कर्करोग आहे. जीव वाचवावयाचा तर दृष्टी जाणार. शस्त्रक्रियेच्या आधी आजोबा त्या पोराला इस्पितळातून बाहेर नेतो, कारण जग पाहण्याचा तो त्याचा अखेरचा दिवस. नातवाचे काम केलेल्या अश्विन चितळेला बालकलाकाराचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. आजोबांचे काम केलेल्या अरुण नलावडे यांना ते मिळाले नाही. परतताना बसमध्ये आम्ही त्यावर तावातावाने बोललो. उत्कृष्ट अभिनेत्याचे पारितोषिक त्या वर्षी तमिळ नट विक्रम यांना ‘पितामगन’साठी गेले होते. आम्ही तो चित्रपट पाहिला नव्हता. तरीही परीक्षक चुकले, असा निकाल आम्ही बस थांब्यावर येण्यापूर्वीच देऊन टाकला होता!

पुष्कळ वर्षांनी आम्ही ‘पितामगन’ पाहिला. स्मशानात वाढलेला, जवळजवळ न बोलणारा एक माणूस विक्रम यांनी उभा केला आहे. शब्द नाहीत, आहे ते सारे देहात आणि डोळ्यांत. पाहून आम्ही लज्जित झालो. नलावड्यांचे काम त्यामुळे लहान झाले नाही, आमचे बोलणे मात्र झाले. पण ती लाजही वरवरची होती. खरी लाज पुढेच यावयाची होती.

आता मूळ गोष्टीकडे येतो. आमच्या धर्मग्रामाच्या सणाला चार वाड्यांच्या चार एकांकिका होतात. मांडव चर्चच्या पटांगणात, पडदा साड्यांचा, दिवे भाड्याचे. जिंकणाऱ्या वाड्याला फिरती ढाल आणि उत्कृष्ट नटाला चषक. काही वर्षांपूर्वी आम्ही येथे नवीन आलो तेव्हा मंडळी म्हणाली, “फादर, तुम्हांला नाटक-सिनेमातलं कळतं, तुम्हीच परीक्षक व्हा.” आम्ही वरवर आढेवेढे घेतले. मनातून हरखून गेलो होतो. इतकी वर्षे दिल्लीच्या परीक्षकांना दुरून शहाणपण शिकवले, आता हाती कागद आला!

तो कागद आम्ही स्वतः आखला. वाणी, उच्चार, पाठांतर, वेशभूषा, प्रत्येकी पंचवीस गुण. रकाने सरळ, रेघा तांबड्या शाईच्या. न बोलता केलेल्या कामाला त्यात रकाना नव्हता, हे आज दिसते. तेव्हा कागद पाहून आम्हीच आमच्यावर खूश होतो.

तिसऱ्या एकांकिकेत गावचे एक गवंडी होते. वय साठीचे. सारा गाव त्यांना गवंडीमामा म्हणतो. चर्चच्या पायऱ्या त्यांच्याच हातच्या. त्यांची भूमिका परगावी गेलेल्या मुलाच्या पत्राची वाट पाहणाऱ्या बापाची. वाक्ये अवघी तीन. तीन वाक्यांत वाणी किती आणि पाठांतर किती? आम्ही रकाने भरून टाकले आणि आधीच्या एकांकिकेतील गुणांची बेरीज करू लागलो, कारण चौथीच्या आत ती संपवावयाची होती. चषक गेला दुसऱ्या वाड्यातील एका कॉलेजकुमाराला. त्याने पाच मिनिटांचे भाषण एका दमात म्हटले होते, चूक एकही नव्हती. टाळ्या पडल्या. आम्ही समारोपात सहायक भूमिकांचे महत्त्व सांगितले, रोहिणीबाईंचे नाव घेतले, १९८४ साल सांगितले. पुन्हा टाळ्या पडल्या. आम्ही त्या रात्री समाधानाने झोपलो.

पुढच्या वर्षी तालमी सुरू झाल्या, तेव्हा गवंडीमामा आले नाहीत. आम्ही निरोप पाठवला. गुडघा दुखतो, असे उत्तर आले. गुडघा दुखणारा माणूस परातीवर सिमेंट कालवताना आम्हांस त्याच आठवड्यात दिसला. म्हणून एका सायंकाळी आम्ही त्यांच्या घरी गेलो. ते कामावरून यावयाचे होते. त्यांच्या पत्नीने चहा ठेवला. बोलता बोलता आम्ही विचारले, “मावशी, मामा नाटकाला का येत नाहीत? बक्षीस मिळालं नाही म्हणून रुसले का?”

मावशींनी चुलीतले लाकूड मागे ओढले. “बक्षिसाचं काय नाही, फादर. आमचं ह्ये दोन म्हैनं रोज रातच्याला परसात तांब्यानं पाणी वतून बघत हुते. कसं वतायचं, किती यळ लावायचा. मी म्हटलं, पाणीच तर वतायचं हाय. तर म्हणाले, न्हाई, त्यातच समदं हाय.” मग थोडे थांबून त्या म्हणाल्या, “त्या टायमाला तुमी खाली मान घालून लिवत हुतासा.”

एवढेच. आवाज चढला नाही. चहात साखर बरी आहे ना, हेही त्यांनी विचारले. आम्ही चहा प्यालो आणि मामा येण्यापूर्वीच निघालो. थांबण्याचे धैर्य झाले नाही, हेही येथे लिहून ठेवतो.

परत येताना आमच्या ध्यानात आले की, त्या एकांकिकेत पाण्याचा तांब्या कोठे होता, हेच आम्हांस ठाऊक नाही. गावातील एका मुलाने सारा कार्यक्रम मोबाइलवर टिपून ठेवला होता. तो आम्ही मागवून घेतला आणि रात्री एकट्याने पाहिला. बाप अंगण झाडतो. पोस्टमन उन्हातून येणार म्हणून पाण्याचा तांब्या भरून ओट्यावर ठेवतो, वर फुलपात्र पालथे घालतो. पोस्टमनच्या सायकलची घंटा वाजते. बाप उभा राहतो, सदऱ्याची गुंडी लावतो. घंटा जवळ येते आणि दारावरून पुढे निघून जाते. बाप हाक मारीत नाही. खाली बसतो. तांब्या उचलतो, तोंडाशी नेतो आणि पीत नाही. मग उठून अंगणाच्या कडेच्या केळीच्या बुंध्याशी ते पाणी ओततो, अगदी सावकाश, धार न तोडता, एक थेंब वाया जाऊ नये अशा बेताने. जणू कोणाचे तरी काही देणे फेडीत आहे. मग तांब्या उपडा करून ओट्यावर ठेवतो, उद्यासाठी. शब्द एकही नाही.

त्या चित्रणाच्या एका कोपऱ्यात, पहिल्या रांगेत, एक पांढरा झगा दिसत होता. मान खाली, हातात लेखणी. धार संपेपर्यंत ती मान वर झाली नाही.

वाचकहो, आम्ही अनेकांची पापे ऐकतो. क्षमा देण्याचा अधिकार आमच्याकडे सोपवलेला आहे. पण त्या रात्री कोणीतरी आमचे ऐकून घ्यावे असे वाटले. कोणाचे बक्षीस हुकले, हे दुःख नव्हते. परीक्षकांचे मत वेगळे पडू शकते, आणि कदाचित नीट पाहूनही आम्ही चषक त्या मुलालाच दिला असता. दुःख हे की, एका माणसाने दोन महिने रात्री जागून जे तयार केले ते पाहण्यासाठी आम्हांस सर्वांत पुढची खुर्ची दिली होती, आणि आम्ही ते पाहिलेच नाही. निकाल दिला, पण न पाहता.

पुढे एक बातमी वाचून आम्हांस थोडे हसू आले आणि थोडे बरेही वाटले. ऑस्कर देणाऱ्या अमेरिकेच्या अकादमीने २०२५ च्या एप्रिलमध्ये नियम केला की, अंतिम फेरीत ज्या विभागासाठी मत द्यावयाचे, त्या विभागातील सर्व नामांकित चित्रपट सभासदाने पाहिलेले असले पाहिजेत. त्याशिवाय मत देता येणार नाही. ऑस्कर १९२९ पासून दिले जाते. म्हणजे ‘आधी पाहा, मग बोला’ हा नियम करावयास त्या शहाण्या मंडळींना शहाण्णव वर्षे लागली. आमच्या खेड्यातल्या मावशींनी तो एका वाक्यात सांगितला होता.

मग ही पारितोषिके व्यर्थच काय? असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. सुवर्णकमळ मिळाले नसते तर ‘श्वास’ किती गावांत पोचला असता? चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ने २०१४ मध्ये व्हेनिसला मान मिळवला आणि त्या वर्षीचे सुवर्णकमळही. त्यात लोकशाहिराची भूमिका करणारे वीरा साथीदार हे धंद्याने नट नव्हते, ते चळवळीतले कार्यकर्ते. पारितोषिकांच्या गाजावाजावाचून त्यांचा तो थकलेला, न वाकलेला चेहरा आपल्यापर्यंत आला नसता. २०२१ मध्ये कोविडने त्यांना नेले, चेहरा राहिला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ला २०१६ सालचे सुवर्णकमळ मिळाले, म्हणून मनाने खचलेल्या तरुणाबद्दल काही घरांत प्रथमच बोलणे झाले. २०११ साली ‘देऊळ’बरोबर ते पारितोषिक विभागून मिळाले ‘ब्यारी’ला. कर्नाटकच्या किनाऱ्यावर बोलल्या जाणाऱ्या त्या लहानशा भाषेचे नाव आमच्या तालुक्यात तरी कितीकांनी ऐकले होते? पारितोषिक हे बोट आहे. ते दाखवते तिकडे पाहावयाचे असते. बोटाकडेच पाहत बसले की आमच्यासारखी गत होते.

तरीही सर्वच बोटे सारखी नसतात. दूरचित्रवाणीच्या काही वाहिन्या दरवर्षी आपल्याच मालिकांना आपल्याच मंचावर आपल्याच हाताने पारितोषिके वाटतात. आवडती सून, आवडती सासू, आवडते कुटुंब! घरच्या जेवणाला घरच्यांनीच नावाजावे तसा तो प्रकार. त्यात वाईट काही नाही, परंतु तेवढ्यासाठी रात्री बारापर्यंत मुलांना जागवू नये, इतके आम्ही धर्मग्रामात सांगत असतो आणि ते फारसे कोणी ऐकत नाही.

२०२४ च्या मे महिन्यात पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ला कॅन महोत्सवातील दुसऱ्या क्रमांकाचा सर्वोच्च मान, ग्रां प्री, मिळाला. त्या महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत भारतीय चित्रपट तीस वर्षांनी पोचला होता. मल्याळी, हिंदी आणि मराठी अशा तिन्ही भाषा त्यात बोलल्या जातात. मुंबईच्या इस्पितळातील दोन मल्याळी परिचारिका ही मुख्य पात्रे. पण आमचे डोळे खिळले ते तिसरीवर. इस्पितळाच्या स्वयंपाकघरात काम करणारी पार्वती, जिच्या राहत्या खोलीवर बांधकामवाल्याचा डोळा आहे, आणि जी अखेर रत्नागिरीकडील आपल्या गावी परतते. ती भूमिका छाया कदम यांची. याच बाई ‘फँड्री’त होत्या, ‘सैराट’मध्ये होत्या, ‘लापता लेडीज’मध्ये फलाटावर चहाचा गाडा लावणारी मंजूमाई होत्या. कॅनला जाताना त्यांनी आपल्या दिवंगत आईची साडी आणि नथ घातली होती. तो चित्रपट आम्ही पाहिला, तेव्हा खिशात लेखणी नव्हती. मोबाइल बंद होता. मुख्य पात्रे बोलत असताना पार्वती मागे काय करते, तेच आम्ही पाहत होतो, लहानपणी त्या कुलपाच्या खोलीत पाहत असू तसे.

गवंडीमामांचे काय झाले, हे वाचक विचारतील. त्या वर्षी सणाच्या रात्री पारितोषिके वाटण्यापूर्वी आम्ही मंचावर उभे राहिलो आणि जे वर लिहिले आहे ते थोडक्यात सांगितले. मामांचे नाव घेतले, आणि गेल्या वर्षी त्यांचे काम चालू असता आपण कागदात पाहत होतो, हे सांगितले. मांडवात क्षणभर कोणी बोलले नाही. मामा त्या वर्षी भूमिकेत नव्हते; पडद्याची दोरी ओढण्याचे काम तेवढे त्यांनी अंगावर घेतले होते. ते दोरीजवळ उभे राहून जमिनीकडे पाहत होते. कार्यक्रम संपल्यावर आम्ही त्यांच्यापाशी गेलो. ते म्हणाले, “फादर, मला वाटलं तुमाला आवाडलं न्हाई. बघितलं न्हाई म्हंजी वायलं.” आणि दोरी गुंडाळू लागले. त्यांच्या दृष्टीने ‘आवडले नाही’ आणि ‘पाहिले नाही’ यांत कोणते अधिक सोसण्यासारखे होते, हे विचारण्याचे धाडस आम्हांस झाले नाही.

आता आमच्या सणाच्या एकांकिकांना तीन परीक्षक असतात. खेळ चालू असता कोणी लिहावयाचे नाही, पडदा पडल्यावर पाच मिनिटे लिहिण्यासाठी राखलेली आहेत. त्या वेळात मुले गाणी म्हणतात. आम्ही परीक्षक नाही, मागे चटईवर बसतो. तेथून मंच थोडा दूर पडतो, पण झाकत काही नाही.

कुटुंबांना आमची विनंती एवढीच. पारितोषिकांची यादी आली की ती वाचून वाद घालण्याची घाई करू नका. तीतून एक चित्रपट निवडा, परवडेल तेव्हा, मिळेल तेथे, आजी-आजोबांसकट एकत्र बसून पाहा, आणि तेवढा वेळ हातातील मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. २३ सप्टेंबर २०२५ रोजी दिल्लीच्या समारंभात साडी नेसून आलेल्या चिमुकल्या त्रिशा ठोसरला सर्वांनी मोबाइलवर पाहिले आणि कौतुक केले. पण जिच्यासाठी तिला ते पारितोषिक मिळाले ती ‘नाळ २’मधील भूमिका आपल्यापैकी कितीजणांनी पाहिली? समारंभातील साडी अर्ध्या मिनिटात पाहून होते. भूमिकेसाठी दोन तास द्यावे लागतात, आणि ते दिले की चित्रपट संपल्यावर घरात थोडा वेळ कोणी बोलत नाही. त्या शांततेत मुलांना जे मिळते ते आमच्या प्रवचनांत क्वचितच असते.

यंदाच्या सणासाठी वरच्या वाड्याच्या तालमी परवा सुरू झाल्या. रात्री नऊला आम्ही प्रार्थना आटोपून तिकडून जात होतो. अंगणात दिवा होता. गवंडीमामा एका लहान मुलाला पाण्याचा तांब्या कसा धरावा ते दाखवीत होते. यंदा त्यांची भूमिका आजोबांची आहे, आणि वाक्ये या वेळी दोनच आहेत, असे मुलाने आम्हांस सांगितले. मामांनी आमच्याकडे पाहिले आणि ओट्यावरील पोते थोडे सरकवून जागा केली. आम्ही बसलो. धार तुटली की मामा पुन्हा तांब्या भरीत, आणि मुलगा पुन्हा ओतू लागे.